फ्रिजची हजेरी

दर सोमवारी सकाळी साडेदहाला आमचे शेटे सर फ्रिजची हजेरी घेतात.

वर्गाचीही घेतात, पण ती नंतर. आधी फ्रिज. लॅबच्या कोपऱ्यात एक जुना फ्रिज आहे. त्याचं दार लागत नाही म्हणून त्याला सुतळी बांधलेली असते. सर ती सोडतात, वरच्या कप्प्यातला नळ्यांचा स्टँड बाहेर काढतात, हजेरीची वही उघडतात आणि खणखणीत आवाजात पुकारतात, "घुगे विठ्ठल!" मग एक काचेची नळी उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरतात, चष्मा कपाळावर ढकलतात, आत निरखून बघतात आणि स्वतःच उत्तर देतात, "जित्ता." वहीत टिक. "शेख नाजनीन! जित्ती." टिक. "जाधव परमेश्वर! परमेश्वर जरा सुकलाय. पण जित्ता."

अशी त्रेचाळीस नावं. मी पाटोद्याच्या या कॉलेजात तासिका तत्त्वावर रुजू झाले त्या पहिल्या सोमवारी हा प्रकार पाहिला आणि बाहेर येऊन नोटीस बोर्ड पुन्हा वाचला. सूक्ष्मजीवशास्त्र विभागच होता.

लॅबमधल्या गर्जे मामांनी मला उलगडून सांगितलं. प्रत्येक नळीत एक जिवाणू आहे. तो त्या त्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी स्वतः शोधलेला. सरांचा नियम एकच, नमुना आपल्या घरचा पाहिजे. आपल्या बांधावरची माती, आपल्या विहिरीचं पाणी, आपल्या आईच्या हातचं दही, आपल्या गोठ्यातलं शेण. "परक्याच्या मातीवर हुशारी करू नगा," असं ते म्हणतात. नळीवर जिवाणूचं लॅटिन नाव नसतं, पोराचं असतं. पोरं पास होऊन जातात, कुणी गेवराईत मेडिकल टाकतं, कुणी पुण्याला जातं, नळी मात्र इथेच राहते. आणि जिवाणू झाला तरी त्याला खायला लागतं. म्हणून सर दर महिन्याला नव्या नळीत अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, ओतून तिरकं गोठवतात आणि जुन्या नळीतला टिपूसभर जीव तारेच्या टोकाने त्यात नेऊन सोडतात. याला ते "पोरांना नवं घर देणं" म्हणतात.

सरांचं पूर्ण नाव मन्मथ शिवलिंग शेटे. वडिलांचं चौसाळ्याला किराणा दुकान होतं आणि सरांचं बालपण गुळाची ढेप आणि तेलाचा डबा यांच्या मधल्या जागेत गेलं. ते दुकान त्यांच्या अंगातून अजून उतरलेलं नाही. अगर पावडर ते तागडीत तोलावी तशी तोलतात, कागदाच्या पुड्या अशा बांधतात की त्यातून कणही सांडत नाही, आणि मातीचा नमुना आला की आधी चिमूट नाकाशी नेतात. वडील म्हणे धने असेच हुंगून घ्यायचे.

फोनवर ते हॅलो म्हणत नाहीत. "जित्ता हायस का बे?" असं विचारतात. समोर जुना विद्यार्थी असो, विद्यापीठातला परीक्षक असो की गॅसवाला असो. बायकांना सवलत म्हणून "बे" वगळतात. मला त्यांचा पहिला फोन आला तेव्हा पलीकडून आवाज आला, "जित्त्या हायत ना मॅडम?" मी संगमनेरकडची. आमच्याकडे असं कुणी विचारलं तर समोरच्याला आधी काहीतरी वाईट बातमी मिळालीय असं समजतात. मी घाबरून म्हटलं, "हो, का?" तर म्हणाले, "न्हाई, मग अकराचा तास घ्या."

शिकवण्याची रीतही अशीच. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ते एक नळी घेऊन येतात. तिच्यावर मोठ्या लाल अक्षरात 'पटकी', म्हणजे कॉलरा, लिहिलेलं असतं. ती पहिल्या बाकावर ठेवली की पहिला बाक रिकामा होतो, मग दुसरा. पोरं भिंतीला टेकली की सर बूच काढतात आणि नळी घटाघटा पिऊन टाकतात. एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली होती. ती शुद्धीवर आल्यावर सर म्हणाले, "चिठ्ठीला भेलात. नळी कुनी बगितली का? पानी हाय ते. आधी नळी बगा, मंग चिठ्ठी वाचा. लिवून घ्या." मी म्हटलं, "सर, लॅबमध्ये काहीही खायचं-प्यायचं नाही हा पहिला नियम आहे." ते म्हणाले, "व्हय की. त्यो उद्यापासनं लागू."

"आधी नळी बगा, मंग चिठ्ठी वाचा." हे वाक्य मी तीन वर्षांत तीनशेदा ऐकलं असेल. ऐकलं, इतकंच. त्याचं पुढे येईलच.

परिसंस्था शिकवायला ते पोरांना आठवडी बाजारात नेतात. "भाजीवाली मावशी कुठं बसली? लिंबाखाली. कावून? सावली. तिच्याजवळ कोन? शेळी. कावून? पाला. शेळीच्या मागं कोन? शेळीवाला, अन् त्याच्या मागं मावशी. झाली का साखळी?" मावशी कोथिंबिरीची जुडी उगारून शेळीवाल्याच्या मागे लागलेली असते आणि पोरं वहीत आकृती काढत असतात. एका पोराने विद्यापीठाच्या परीक्षेत अख्खं उत्तर कोथिंबीर, शेळी आणि मावशी यांच्यावर लिहिलं. परीक्षकाने संतापून सरांना फोन केला. सरांनी आधी तो जित्ता आहे का ते विचारलं, मग म्हणाले, "उत्तर चुकलंय कुठं तेवढं सांगा." पोरगा पास झाला.

गोदावरीवरची गंमत तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. गेवराईच्या पुढे नदीच्या पात्रात आम्ही पोरांना घेऊन गाळाचे नमुने काढायला गेलो होतो. सरांच्या हातात चाळणी, पोरांच्या हातात बाटल्या आणि मोजपट्ट्या. लांबून वाळूचे तीन ट्रॅक्टर येत होते. आम्हाला बघून तिन्ही जागच्या जागी वळले आणि धुरळा उडवत दिसेनासे झाले. सर हात करून ओरडत होते, "आरं, थांबा बे! मी तहसीलदार न्हाई! मी बारक्या जिवांचा मास्तर हाय!" कुणी थांबलं नाही. मग सर पोरांना म्हणाले, "बगा. वाळू गेली तर तिच्यात राहनाऱ्यांनी कुठं जायचं, हे इचारायला आलो तर इचारायला बी कोन थांबत न्हाई." आणि वाकून गाळ हुंगायला लागले.

आता हजेरीकडे परत येते. त्रेचाळीस नावांत बेचाळीस वेळा सर 'जित्ता' किंवा 'जित्ती' म्हणत. एका नावाला मात्र पुस्ती जोडलेली असे. "नागरगोजे सविता! जित्ती. रजेवर हाय."

ही सविता कोण ते मला मामांनीच सांगितलं. मी येण्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. डोंगराकडच्या वस्तीवरची पोरगी, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. हात असा की सर बघत राहायचे. काचेच्या बशीत अगर ओतून त्यावर तारेने जिवाणूंच्या रेघा ओढायच्या असतात. एकीतून एक, फिकट फिकट होत जाणाऱ्या, म्हणजे शेवटी एकेक जीव सुटा पडतो. पोरांच्या हातून अगर फाटायचं. "बे, नांगरट करायचीय का?" म्हणून सर ओरडायचे. सविता मात्र तारेने रांगोळी घालावी तशी रेघ ओढायची. शेवटी सरांनी तिला मास्तरीण केलं आणि वर्गातल्या अकरा पोरांना व्हरांड्यात तीन दिवस ठिपक्यांची रांगोळी काढायला बसवलं. प्राचार्यांनी येऊन विचारलं, लग्न कुणाचं आहे?

लग्न सविताचंच निघालं. त्याच दिवाळीत. सासरचे ऊसतोडीला जाणारे. तोडीला माणूस एकटा मोजत नाहीत, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. तेव्हा नव्या नवरीला मागे कोण ठेवणार? दिवाळी झाली आणि टोळी कारखान्याच्या वाटेला लागली, तिच्याबरोबर सविताही. तिने आपल्या घरामागच्या माळावरच्या तरवडाच्या झुडपाच्या मुळाशी एक गुलाबी रंगाचा जिवाणू शोधला होता. मातीत घट्ट धरून बसलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तो पिकासाठी मोकळं करतो असं तिला दिसलं होतं. प्रोजेक्ट अर्धा राहिला. कॉलेजने रीतसर नाव कमी केलं. सरांनी केलं नाही.

मी एकदा विचारलं होतं, "सर, सहा वर्षं झाली. ती येणार आहे का?"

"आली तर पहिल्यापासनं करायला लागू नये," सर म्हणाले. "तेवढंच मपलं काम. यायचं का न्हाई ते तिचं."

मी मनात हसले होते. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

तर आता माझा पराक्रम. गेल्या मार्चमध्ये कॉलेज तपासायला कमिटी येणार होती. माझा स्वभाव नीटनेटका आहे. घरचे त्याला दुसरा शब्द वापरतात. कमिटी मंगळवारी, आणि शनिवारी सर पोरांना घेऊन गोदावरीवर गेलेले. मी मामांना म्हटलं, आज लॅब आरशासारखी करू. फडताळं पुसली, बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, सरांचा हुंगून ठेवलेल्या मातीचा खोका माळ्यावर टाकला. मग फ्रिज उघडला. त्यात त्रेचाळीस मळकट नळ्या, त्यांची अक्षरं पुसट, बुचांचा कापूस पिवळा पडलेला.

सरळ टाकून द्यायला मी काही अडाणी नाही. मी आधी इन्क्युबेटर उघडून बघितला. जिवाणू वाढवायचं ते उबदार कपाट. त्यात नव्या कोऱ्या त्रेचाळीस नळ्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर सरांच्या हातचं नाव. घुगे, शेख, जाधव, सगळे हजर. म्हणजे पोरं नव्या घरी गेली. म्हणजे जुन्या नळ्या आता निकामी. आणि निकामी झालेला जिवाणू तसाच फेकायचा नसतो, आधी मारायचा असतो, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मी त्या नळ्या आटोक्लेव्हमध्ये ठेवल्या. हा आमच्याकडचा मोठा प्रेशर कुकर. पंधराचं प्रेशर, वीस मिनिटं. पुस्तकाच्या एका शब्दाबाहेर गेले नाही. मग फ्रिज सोड्याने धुतला आणि त्याच्या दाराला नवी सुतळी बांधली.

सोमवारी साडेदहाला सर हजेरीसाठी आले. आधी त्यांनी इन्क्युबेटर उघडला, एकेक कोरी नळी उजेडाकडे धरून बघितली आणि खुशीत म्हणाले, "वा. दोन दिस झाले, एक बी पाव्हना शिरला न्हाई. घरं साफ हायत. चला, आता पोरं नेऊ."

मला तिथल्या तिथे घाम फुटला.

सर नळ्यांवर नाव आधी घालतात आणि जीव नंतर. नवं अगर दोन दिवस उबेत रिकामं ठेवून बघायचं, त्यात भलतं काही उगवत नाही ना याची खात्री करायची, आणि मगच आपला जिवाणू आत सोडायचा. ही पद्धत मी स्वतः वर्गात शिकवते. त्या नळ्या रिकाम्या होत्या. नुसती घरं होती, दारावर पाट्या लावलेली. काच उजेडाकडे धरली असती तर शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मी नावं वाचली, नळी बघितली नाही.

सरांनी फ्रिजची सुतळी सोडली. आत लख्ख पांढरं.

मी सगळं सांगून टाकलं. सर ऐकत होते. मामा उगीचच नळ सोडून हात धूत राहिले.

"किती येळ ठिवलं?" सरांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"प्रेशर?"

"पंधरा."

"बराबर हाय," सर म्हणाले. "काम चोख केलंत मॅडम. एक बी ऱ्हायचा न्हाई."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि हजेरीची वही उगीच चाळत राहिले. कमिटीत भलं दिसावं म्हणून मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आणि ते माझं एकटीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कमिटी आली. तिने तो रिकामा फ्रिज उघडून पाहिला आणि अहवालात 'स्वच्छता उत्तम' असा शेरा दिला. तो शेरा अजून कपाटात आहे. मी ते कपाट उघडत नाही.

पण शेटे सर दुकानदाराचा मुलगा. सगळा माल एका कोठारात ठेवायचा नसतो हे त्यांना बाळकडूतच मिळालेलं. कमिटीची गाडी फाटकाबाहेर पडली तसा त्यांनी फोन काढला. "घुगे! जित्ता हायस का बे? आन तुपली नळी? ती बी?"

झालं होतं असं की निरोपसमारंभाच्या दिवशी सर प्रत्येकाला त्याच्याच जिवाणूची एक जोडनळी कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. "इरजन एका घरात ठिवू नये. आपलं नासलं तर शेजारनीकडनं आनता यावं," असं सांगून. पोरांना वाटायचं, आठवण म्हणून दिलंय. सरांनी अख्ख्या जिल्ह्यात विरजण लावून ठेवलं होतं.

पुढचे चार दिवस मी आणि सर एसटीने फिरलो. सरांच्या हातात बर्फ भरलेली दुधाची किटली. प्रत्येक कंडक्टर दुधाचा भाव विचारायचा. "दूध न्हाई, पोरं हायत," सर सांगायचे, आणि कंडक्टर तिकीट फाडून घाईघाईने पुढे सरकायचा.

घुगेची नळी गेवराईला त्याच्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या मागे होती. दर महिन्याला तो तिला नवं घर देत होता. "सर, तुमचा फोन आला की भ्याव वाटायचं, म्हनून जपली," असं म्हणाला. चौसाळ्याच्या शेख नाजनीनने तिच्या दह्यातल्या जिवाणूचं रोज दहीच लावलं होतं. अख्खं सासर सहा वर्षं तिचा प्रोजेक्ट खात होतं. जाधव परमेश्वर आता गावचा पुढारी झालाय. त्याने नळी देव्हाऱ्यात ठेवून तिला रोज हळदकुंकू वाहिलं होतं. आतला जीव केव्हाच गेलेला. "कावून न्हाई जगला सर? पूजा तर करत व्हतो," तो विचारत होता. "पूजा नगं, जेवन पायजे त्याला," सर म्हणाले आणि त्याला बांधावरची नवी माती आणायला पिटाळलं. पुढारी सफेद कपड्यांत कुदळ घेऊन निघाला तेव्हा त्याच्यामागे चार कार्यकर्ते गेले.

चौतीस नळ्या जिवंत मिळाल्या. आठ मेल्या होत्या. त्यांच्या मालकांनी पुन्हा माती, पाणी, शेण आणून दिलं. राहिली एक. सविता निरोपसमारंभाच्या आधीच गेली होती. तिला जोडनळी मिळालीच नव्हती. तिचा जो काही होता तो माझ्या कुकरात गेला.

पुढच्या सोमवारी हजेरी झाली. नावं पुकारली गेली, टिका झाल्या. "नागरगोजे सविता!" म्हणून सरांनी ती कोरी नळी उचलली. आत अगर तसंच नितळ. हजेरीत ते कधी खोटं बोलत नाहीत. त्यांनी नळी जागेवर ठेवली आणि टिक न करता पुढचं नाव घेतलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, तिच्या वस्तीवर जाऊन त्या तरवडाखालची माती आणू या ना."

"कोनत्या तोंडानं जाऊ मॅडम?" सर म्हणाले. "तुपलं जपून ठिवतो असं मी मनाशीच म्हनलं व्हतं. तिला म्हनलोच न्हवतो. आता काय सांगू?"

मग मीच गेले. रविवारी, सविताची जुनी प्रयोगवही पिशवीत घालून. ऊसतोडीचा हंगाम संपला होता, टोळ्या परतल्या होत्या. वस्तीवर एक म्हातारी शेंगा निवडत होती. ती सविताची आई. कॉलेजचं नाव काढताच म्हणाली, "त्या येड्या सरांच्या कालिजातल्या का तुमी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"दर साली येतेत बगा. टोळी आली की दुसऱ्या दिशी हजर. दारातनंच इचारतेत, 'जित्ती हाय ना?' मी म्हनते, हाय. की चालले माघारी. च्या न्हाई, पानी न्हाई. पहिल्या साली मला वाटलं, हे कोन मानूस पोरीचं मरान इचारायलंय! दारच लावून घेतलं व्हतं मी."

इतक्यात मागच्या बाजूने पाण्याची घागर घेऊन एक बाई आली. उन्हाने रापलेली, मनगटांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, आणि पदराला धरून एक लहान मुलगी. सविता दोन दिवसांसाठी माहेरी आलेली. तिने आईचं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"सर येत व्हते?" तिने विचारलं. "मला कावून सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं?" आई म्हणाली. "सर आलते अन् जित्ती का इचारून गेलते? असं सांगायचं व्हय?"

मी सविताला सगळं सांगितलं. फ्रिज, हजेरी, सहा वर्षं दर सोमवारी पुकारलेलं नाव, 'रजेवर हाय', आणि मग माझा कुकर. घागर अजून कडेवरच होती. ती खाली ठेवायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी वही काढून माळाकडे निघाले. वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बांधाच्या दगडापासून उगवतीकडे अकरा पावलं.' मी अकरा पावलं मोजली आणि एका बाभळीच्या काट्यात जाऊन उभी राहिले. पुन्हा मोजली, पुन्हा काटेच. मागून हसण्याचा आवाज आला.

"मॅडम, ते अकरा माझे हायत," सविता म्हणाली. "तुमच्या पावलानं न्हाई गावायचा त्यो."

तिने दगडाला टाच लावली आणि मोजत गेली. अकराव्या पावलाला पिवळ्या फुलांचा तरवड होता, आता तिच्या खांद्याएवढा झालेला. ती खाली बसली, खुरप्याने मुळाशी उकरलं, चिमूटभर माती उचलली आणि आधी नाकाशी नेली. शेटे सरांचा विद्यार्थी कुठेही ओळखू येतो.

मी पिशवी पुढे केली. तिने दिली नाही. पदराच्या टोकात माती बांधली आणि घट्ट गाठ मारली.

"दिवाळीपतूर टोळी हितंच हाय," ती म्हणाली. "पहिल्यापासनं करायचं म्हनलं तर इतक्यात व्हईल का मॅडम?"

मी म्हटलं, "ते सरांना विचार."

सोमवारी साडेदहाला सर फ्रिजसमोर उभे होते, दाराकडे पाठ करून. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगायचा धीर झाला नाही असंही म्हणता येईल, कारण ती येईलच याची मला खात्री नव्हती. घुगे झाला, शेख झाली, परमेश्वर नव्याने टवटवीत झाला होता.

"नागरगोजे सविता!"

सरांनी कोरी नळी उचलली, खिडकीकडे धरली, चष्मा कपाळावर ढकलला. आतलं अगर तसंच नितळ. फ्रिजचा घुर्र आवाज तेवढा येत होता. सर नळी खाली ठेवायला वळणार इतक्यात दारातून उत्तर आलं.

"हजर, सर."

इतक्या वर्षांत त्या हजेरीला सरांशिवाय दुसऱ्या कुणी उत्तर दिलं नव्हतं. सर वळले नाहीत. नळी उजेडाकडे तशीच धरून उभे राहिले. फ्रिज अर्धा मिनिट उघडा राहिला तरी अख्खी लॅब डोक्यावर घेणारे सर, आणि फ्रिज सताड उघडा. मामांनी पुढे होऊन दार लोटलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

मग सरांनी नळी जागेवर ठेवली, पेन काढलं, वहीत सावकाश टिक केली.

"रजा संपली," ते म्हणाले.

आणि वही माझ्याकडे सरकवली. पुढचं नाव मी घेतलं.